हक्काचे पैसे : आधारवर 61, खरं वय 68

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई विधवा आहेत. आयुष्य खुरपणी-भांगलणीत गेलं. आधारवर त्यांची जन्मतारीख 1 जानेवारी 1964 पडली आहे. 2025 मध्ये श्रावणबाळ योजनेच्या वृद्धांच्या अनुदानासाठी गेलो तर 65 पूर्ण नाहीत म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलं. माझे मालक त्यांचे थोरले, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल 1976 आहे. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. काय करावं? (माण तालुका)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी आधी एक वजाबाकी केली. 1976 मधून 1964. आधार खरं धरलं तर तुमच्या सासूबाई बाराव्या वर्षी आई झाल्या. हीच वजाबाकी अर्जासोबत साध्या कागदावर लिहा आणि थोरल्याचा दाखला जोडा.

तहसील कार्यालयात संजय गांधी शाखेचं, म्हणजे निराधारांच्या अनुदानाचं, टेबल मी नऊ वर्षं सांभाळलं. 1 जानेवारी ही तारीख मी शेकडो आज्ज्यांच्या कागदावर पाहिली आहे. गावात आधारचं शिबिर लागलं, मशीनवरच्या मुलाने वय विचारलं, आजी म्हणाली, ‘आसंल पंचेचाळीस-सत्तेचाळीस.’ त्याने ते टाकलं, मशीनने साल काढलं आणि दिवस-महिना माहीत नाही म्हणून 1 जानेवारी लागली. त्या एका ‘आसंल’वर बाईची सात-सात वर्षं जातात.

आता दोन कामं एकदम सुरू करा.

पहिलं, वयाचा घोळ मिटेपर्यंत थांबू नका. सासूबाई विधवा आहेत ना? मग 65 च्या आत त्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसतात. रक्कम श्रावणबाळइतकीच, महिना 1,500 रुपये. 65 पूर्ण झाले की तेच प्रकरण श्रावणबाळमध्ये वर्ग होतं. हे तुम्हाला खिडकीवर कुणी सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटलं, कारण सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, महाराष्ट्रात 15 वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला एवढं गोळा करा. उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 रुपयांची आहे. दिवसाला 58 रुपयेसुद्धा होत नाहीत. ही अट मी टेबलावर होते तेव्हाही हीच होती आणि ती बदलायला हवी, हे मी तेव्हाही म्हणत होते. मात्र दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर या दाखल्यावर अडून बसावं लागत नाही. म्हणून आधी ग्रामपंचायतीत जाऊन ती यादी डोळ्यांनी बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

दुसरं, वयाचा पुरावा. शाळेचा दाखला नसला तरी वाट बंद होत नाही. जुनं रेशनकार्ड पेटीत असेल तर काढा. मतदार यादीतल्या वयाचा उतारा चालतो, तहसीलच्या निवडणूक शाखेत जितकी जुनी यादी मिळेल तितकी मागा. समजा, 1995 च्या यादीत वय 38 लिहिलं असेल, तर जन्मसाल 1957 निघतं आणि थोरल्याच्या दाखल्याशी बरोबर जुळतं. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखलाही धरतात. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे हातात पक्का कागद येईपर्यंत आधार केंद्रात घाई करू नका.

आणि पोच. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही. ‘राहू द्या, आम्ही बघतो’ म्हणाले तरी खिडकी सोडायची नाही. नामंजूर केला तर कारण लेखी मागायचं. तोंडी नकाराला कागदावर काहीच किंमत नसते, उद्या ‘तुम्ही आलाच नव्हता’ असं म्हणता येतं. हे मी माझ्याच घरात भोगलंय. माझ्या आईने एका बँकेत हयातीचा फॉर्म स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली नाही. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, तीन महिने पेन्शन बंद. फॉर्म आलाच नाही, असं सांगितलं. मी शासकीय नोकरीत, आणि माझ्या आईने गोळ्या उधारीवर आणल्या, मला न सांगता. त्या औषधाच्या दुकानाची चिठ्ठी तिच्या बटव्यात सापडली तेव्हा मला कळलं.

अनुदान मंजूर झाल्यावर एक लक्षात ठेवा. आता पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. सासूबाईंची दोन खाती असतील तर ज्याला आधार शेवटचं जोडलं तिथे जमा होतात, आणि लोक दुसऱ्याच पासबुकात बघत बसतात. राबलेल्या हातांचे ठसे मशीनवर उठत नाहीत, हेही नेहमीचं आहे. अंगठा उठला नाही म्हणून परत येऊ नका, डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवा म्हणावं.

प्रश्न : सूतगिरणीत 1998 ते 2012 अशी 14 वर्षं केली. शेवटचा पगार 9,200 होता. पेन्शन 1,300 रुपये येते. हिशेब चुकलाय का? माझ्यामागे पत्नीला काय मिळेल? (इचलकरंजी)

उत्तर : काका, हिशेब चुकलेला नाही. तो तुम्हाला आधीच कुणीतरी समजावून सांगायला हवा होता. ही 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना. तिच्यात पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70, असं सूत्र आहे. पण पगार म्हणजे तुमचे 9,200 नव्हेत. त्या काळी कमाल मर्यादा 6,500 होती, 15,000 झाली ती सप्टेंबर 2014 पासून, तुम्ही बाहेर पडल्यावर. 6,500 गुणिले 14 भागिले 70, बरोबर 1,300. तुमच्या पगारातून जे कापलं गेलं ते भविष्यनिर्वाह निधीत जात होतं. पेन्शनकडे मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के, म्हणजे शेवटी महिन्याला 541 रुपये वळत होते.

तुमच्या पश्चात पत्नीला निम्मी, म्हणजे 650 बसते. पण सप्टेंबर 2014 पासून विधवेलाही किमान 1,000 ठरले आहेत, तेव्हा तिला 1,000 मिळतील. फार कमी आहेत, मला मान्य आहे. तरी ते सुरळीत मिळावेत म्हणून आजच पेन्शनच्या आदेशाचा कागद, पीपीओ, काढा आणि पत्नीचं नाव व जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळते का बघा. माहेरचं नाव, सासरचं नाव, ‘बाई’ लावलेलं-न लावलेलं, यात विधवा वर्षभर हेलपाटे घालतात. दुरुस्ती तुम्ही हयात असताना सोपी आहे. तुमचा हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायला हवा असं नाही. कोणत्याही महिन्यात द्या, तिथून वर्षभर चालतो.

प्रश्न : आई 76 वर्षांची आहे. एसटीत खरंच तिकीट लागत नाही का? (गेवराई)

उत्तर : ऑगस्ट 2022 पासून 75 पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. 65 ते 75 अर्धं तिकीट. आधार जवळ ठेवा आणि कंडक्टरकडून शून्य रकमेचं तिकीट मागून घ्या.

प्रश्न : वडील रेल्वेत होते. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. फेब्रुवारीत ती 80 पूर्ण करते. पेन्शन वाढते असं ऐकलं. ती आता जिना उतरत नाही. (भुसावळ)

उत्तर : वाढते. केंद्राच्या निवृत्तिवेतनात 80 पूर्ण झाले की मूळ पेन्शनच्या 20 टक्के जादा, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला दुप्पट. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हेच लागू आहे. वाढदिवस 28 फेब्रुवारीला असला तरी वाढ 1 फेब्रुवारीपासून धरतात.

अडचण येते ती एकाच ठिकाणी. जुन्या पीपीओवर वडिलांची जन्मतारीख असते, आईची नसते. मग बँकेच्या संगणकाला तिचं वय कळत नाही आणि वाढ लागत नाही. आताच बँकेत जा, पीपीओवर आईची जन्मतारीख आहे का विचारा. नसेल तर वयाच्या पुराव्यासह अर्ज द्या, पोच घेऊन. 80 च्या पुढच्यांना हयातीचा दाखला 1 ऑक्टोबरपासून देता येतो. जिना उतरायची गरज नाही. पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो, 70 रुपये लागतात. नाहीतर तुमच्या मोबाईलवर तिचा चेहरा दाखवून घरीच होतो. उजेडाकडे तोंड करून बसवा आणि चष्मा काढायला सांगा.

फेब्रुवारीची पेन्शन जमा झाली की पासबुक भरून घ्या, जानेवारीच्या आकड्याशेजारी ठेवून बघा, आणि वाढ दिसली नाही तर त्या पानाची झेरॉक्स मला पाठवा.