सीनियरनं दिलेलं क्रॅक टाकू का?

प्रश्न : ताई, मी राजारामपुरीत रूम करून राहतो, सिव्हिल डिप्लोमाला आहे. सीनियरनं पेनड्राइव्हमधून ऑटोकॅडचं (ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) क्रॅक, म्हणजे लायसन्स न घेता ते चालवायची फाइल, दिलंय, टाकताना अँटीव्हायरस बंद कर म्हणाला. रूमवरची पोरं टोरंटवरनं पिक्चर पण काढतात. आपण काय विकत नाही, मग एवढं काय होतंय?

उत्तर : अरे, अँटीव्हायरस अजिबात बंद करू नकोस. खरी मेख तिथंच आहे. अशा क्रॅकमध्ये बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम असतो, तो ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइली) उचलून पाठवतो, म्हणजे तुला ओटीपी न येताच तुझा मेल दुसरीकडं उघडू शकतो आणि स्कॉलरशिपपासून बँकेपर्यंत सगळं त्याच मेलला जोडलेलं असतं. स्टॉप नावाचा रॅन्समवेअर असल्याच क्रॅकमधून पसरला, सगळ्या फाइली लॉक करून पैसे मागतो. सबमिशनच्या आदल्या रात्री असं झालं तर? सीनियर वाईट आहे असं मी म्हणत नाही, आत काय आहे ते त्याला तरी कुठं माहीत असणार.

विकत नाही म्हणून सुटका होत नाही बघ. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब, माहीत असून क्रॅक सॉफ्टवेअर वापरलं तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. कमाईसाठी वापरलं नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण दंड ५० हजारांपर्यंत होऊ शकतो. आणि टोरंटमध्ये डाउनलोड चालू असतानाच तुमच्या मशीनवरनं तोच पिक्चर दुसऱ्यांना अपलोड होत असतो, म्हणजे तुम्ही वाटताय पण. आयपी अॅड्रेस, म्हणजे तुमच्या नेट कनेक्शनचा नंबर, त्या टोरंटमधल्या सगळ्यांना दिसतो, वायफाय घरमालकाच्या नावावर असेल तर चौकशी आधी त्यांच्या दारात.

बरं, ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं! ऑटोडेस्कच्या साइटवर कॉलेजचा पुरावा दे, वर्षभराचं लायसन्स मिळतं, शिकत असेपर्यंत रिन्यू करता येतं. लेक्चरला एनपीटीईएल ही आयआयटींची ऑनलाइन लेक्चरची साइट आहे, पुस्तकांना नॅशनल डिजिटल लायब्ररी बघ.

क्रॅक आधीच टाकलं असशील तर नेट तोड, दुसऱ्या मोबाईलवरनं मेलचा पासवर्ड बदल, सगळ्या डिव्हाइसवरनं लॉगआउट कर आणि लॅपटॉप फॉरमॅट करून घे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, बँकेला कळव आणि घरी पण सांग, लपवून ठेवू नकोस.