जुन्या पल्प कथांचे संग्रह: सुरुवात असिमॉव्ह यांच्या निवडीपासून करा

तुम्ही विचारलंय की जुन्या अमेरिकी पल्प मासिकांतल्या भयकथा, विज्ञानकथा आणि रहस्यकथा वाचायच्या असतील तर कोणते संग्रह घ्यावेत आणि आधी कोणता उघडावा. आधी विज्ञानकथा घ्या, आणि त्यातही विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह यांनी संपादित केलेला ‘बिफोर द गोल्डन एज’ (१९७४). मला कोणीही हा प्रश्न विचारला की मी हेच नाव घेतो.

पल्प म्हणजे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त, खरखरीत कागद; त्यावर छापलेली ती पल्प मासिकं. थोड्या वर्षांत तो कागद पिवळा पडतो, कडा झडतात, पान उलटताना तुकडा हातात येतो. त्यावर छापलेलं जपून ठेवण्यासारखं आहे, असं तेव्हा फार थोड्यांना वाटायचं. त्यामुळे आज आपल्यापर्यंत काय पोचतं ते बरंचसं संग्रह करणाऱ्यावर ठरतं. ही मासिकं ज्याने त्या काळातच आसुसून वाचली, त्याने केलेला संग्रह मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

असिमॉव्ह यांनी १९३१ ते १९३८ मधल्या कथा निवडल्या, म्हणजे त्यांच्या वयाच्या अकराव्या ते अठराव्या वर्षांतल्या. दोन कथांच्या मधे ते तेव्हाचं आपलं आयुष्य सांगत जातात. वडिलांचं ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटचं दुकान होतं आणि तिथे मासिकंही विकायला असायची. वडिलांच्या मते ती सगळी रद्दी, मुलाने हात लावायचा नाही. १९२९ साली ‘सायन्स वंडर स्टोरीज’ निघालं तेव्हा मुलाने वडिलांना नावातला ‘सायन्स’ हा शब्द दाखवला आणि परवानगी मिळवली. पण अंक दुकानातलाच, म्हणजे विकायचा. तो सुरकुती पडू न देता वाचून पुन्हा जागेवर ठेवायचा. हे वाचून पुढच्या कथेकडे वळलं की आपणही ती त्याच घाईने आणि त्याच काळजीने वाचायला लागतो.

कथाही तशाच. एडमंड हॅमिल्टन यांच्या ‘द मॅन हू इव्हॉल्व्हड’मध्ये एक शास्त्रज्ञ स्वतःवर वैश्विक किरणांचा झोत सोडतो. दर पंधरा मिनिटांनी पाच कोटी वर्षांची उत्क्रांती. दोन मित्र शेजारी उभे राहून बघतायत आणि प्रत्येक खेपेला त्या झोतातून बाहेर येणारा माणूस त्यांना आणखी परका होत चाललाय. शेवट सांगत नाही, पण आजही अंगावर येतो. त्यातलं विज्ञान कच्चं आहे, हे खरं. मात्र एक कल्पना उचलायची आणि ती शेवटच्या टोकापर्यंत रेटायची, कुठे कचरायचं नाही, हे धाडस पुढच्या सफाईदार लेखकांत मला क्वचितच दिसलं. नील जोन्स यांच्या ‘द जेमसन सॅटेलाइट’मध्ये एका प्राध्यापकाचं प्रेत अंतराळात फिरत राहतं आणि चार कोटी वर्षांनी यंत्रदेह धारण केलेल्या परग्रहवासीयांना सापडतं. आपल्या रोबोंचं बीज या कथेत आहे, असं असिमॉव्ह स्वतःच सांगतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या काळातल्या कथांमध्ये वर्णद्वेष उघडउघड आहे. असिमॉव्ह यांनी अशा कथा वगळलेल्या नाहीत आणि त्यांवर पांघरूणही घातलेलं नाही. त्या काळचे लेखक कॅप्टन मीक यांच्या कथा छापून त्यातलं काय खुपतं ते त्यांनी तिथेच लिहिलंय. जुनं साहित्य असंच वाचायला द्यावं.

यानंतर हीली आणि मॅक्कोमास यांचा ‘ॲडव्हेंचर्स इन टाइम अँड स्पेस’ (१९४६) घ्या. ‘अस्टाउंडिंग’ या विज्ञानकथांच्या मासिकाच्या बहराचा काळ त्यात आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडलेला जीव कोणाचंही रूप घेऊ शकतो, ही जॉन कॅम्बेल यांची ‘हू गोज देअर?’ त्यातच वाचायला मिळेल. सिल्व्हरबर्ग यांचा ‘सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम’ (१९७०) लेखकांच्या मतदानातून झालेला, त्यामुळे त्यात पडेल कथा जवळपास नाही. पण तो १९६० च्या दशकापर्यंत येतो, पल्पचा खरखरीतपणा त्यात कमीच.

भयकथांसाठी ‘विअर्ड टेल्स: ३२ अनअर्थ्ड टेरर्स’ (१९८८). ‘विअर्ड टेल्स’ हे मासिक १९२३ ते १९५४ चाललं आणि संग्रहात प्रत्येक वर्षाची एक कथा आहे. सगळ्या सारख्या उतरलेल्या नाहीत, पण मासिकाची चाल कशी बदलत गेली ते ओळीने दिसतं. एकच कथा वाचणार असाल तर भयकथाकार लव्हक्राफ्टची ‘द रॅट्स इन द वॉल्स’ (१९२४) वाचा. ती १९४४ च्या ‘ग्रेट टेल्स ऑफ टेरर अँड द सुपरनॅचरल’ या जाडजूड संग्रहात एडगर ॲलन पो यांच्यासारख्यांच्या पंगतीत बसलीय. पूर्वजांचा पडका वाडा दुरुस्त करून राहायला गेलेला माणूस, रात्री भिंतींच्या आतून खाली धावणारे उंदीर, आणि त्यांच्या मागावर असलेलं मांजर. त्या मांजराचं नाव कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी आहे, ते वाचताना घास अडकतो. नारायण धारपांच्या कथांवर पोसलेल्यांना या कथेतली जमिनीखालची दहशत लगेच ओळखीची वाटेल.

रहस्यकथांत ‘ब्लॅक मास्क’ हे मासिक सगळ्यांच्या पुढे. त्याचे १९२६ ते १९३६ चे संपादक जोसेफ शॉ यांनी स्वतःच ‘हार्ड-बॉइल्ड ऑम्निबस’ (१९४६) काढला; हार्ड-बॉइल्ड म्हणजे टणक, भावना न दाखवणाऱ्या गुप्तहेरांच्या कथा. मिळाला तर सोडू नका, पण मिळणं कठीण. सहज मिळतो तो ओटो पेन्झलर यांचा ‘ब्लॅक लिझार्ड बिग बुक ऑफ पल्प्स’ (२००७). हजारावर पानं, तीन भाग: गुन्हेगारांचा पाठलाग करणारे, खलनायक आणि स्त्रिया. पहिला भाग उत्तम, तिसरा मला फिका वाटला. एका बैठकीत खूप वाचू नका, नाहीतर सगळे टणक गुप्तहेर एकाच आवाजात बोलायला लागतात. रात्री एक कथा पुरे.

पैसे घालण्याआधी चव बघायची असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर १९३० च्या ‘अस्टाउंडिंग’चे अंक फुकट आहेत, आणि इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मासिकांची पानं जाहिराती आणि वाचकांच्या पत्रांसकट बघता येतात. पत्रांची पानं चुकवू नका, तिथे वाचक लेखकांची हजेरी घेताना दिसतात.