क्लाउडच्या जमान्यात मेनफ्रेम अजून कशाला लागतो?

मेनफ्रेम म्हणजे मोठ्या संस्थांचे व्यवहार सांभाळणारा मोठा, ताकदवान संगणक. तो लागतो, कारण त्याचं काम दुसऱ्याला तितक्या बिनबोभाट जमत नाही. बँका, विमा कंपन्या, विमानाची आरक्षणं, कार्डाचे व्यवहार: इथे सेकंदाला हजारो नोंदी होतात आणि एकही अर्धवट राहून चालत नाही. पैसे एका खात्यातून गेले पण दुसऱ्यात जमा झालेच नाहीत, असं होऊन कसं चालेल?

मेनफ्रेममध्ये डेटाची ने-आण सांभाळायला वेगळे प्रोसेसर असतात, त्यामुळे मुख्य प्रोसेसर हिशेबाला मोकळा राहतो. एखादा प्रोसेसर बिघडला तर राखीव प्रोसेसर आपोआप त्याची जागा घेतो, काम थांबत नाही.

दुसरं कारण जुन्या प्रोग्रॅमचं. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टम/३६० ही मेनफ्रेमची मालिका जाहीर केली. तेव्हापासून पुढच्या यंत्रांवर जुने प्रोग्रॅम चालत राहतील याची काळजी घेतली गेली. त्यामुळे कित्येक दशकांपूर्वी लिहिलेलं कोबॉल (धंद्याच्या हिशेबासाठीची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) आजही रोज रात्री व्याज मोजतं. ते नव्याने लिहायचं तर त्यात दडलेले सगळे नियम आधी शोधून काढावे लागतात, आणि ते लिहिणारे बहुधा कधीच निवृत्त झालेले असतात. (खरी डोकेदुखी ही, यंत्र नव्हे.)

बाकी यंत्र जुनं नाही. त्यावर लिनक्स ही आजची ऑपरेटिंग सिस्टिम चालते, आणि आयबीएमच्या २०२२ च्या झेड१६ या मेनफ्रेममध्ये तर व्यवहार चालू असतानाच फसवणूक ओळखायला चिपमध्येच एआयची सोय आहे. छोट्या धंद्याला मात्र याची काडीचीही गरज नाही.