नवा फॅन बेल्ट टाकूनही गाडी सुरू करताना चीं आवाज येतो. दोष कुठे शोधायचा आणि बेल्ट स्वतः कसा बदलायचा?

थंड इंजिन सुरू केलं की काही सेकंद आवाज, एसी लावला की पुन्हा आवाज, आणि बेल्ट तर दोनच महिन्यांपूर्वी बदललेला, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी आणखी एक बेल्ट आणण्याआधी टेन्शनर, म्हणजे स्प्रिंगने बेल्ट ताणून धरणारा भाग, तपासा. गाडी सुरू झाल्याबरोबर अल्टरनेटर बॅटरीची तूट भरून काढायला लागतो, त्यामुळे त्याची पुली तेव्हा जड फिरते. एसीचा कॉम्प्रेसर जोडला गेला की तोही भार बेल्टवरच येतो. ताण कमी असलेला बेल्ट नेमका याच वेळी घसरतो.

आधी आवाजाची खात्री करा. सलग, रेस दिली की चढणारा चिरका आवाज म्हणजे घसरण. चिमणीसारखी लयीत तुटक चिवचिव असेल तर बहुधा एखादी पुली रेषेत नाही. घरघर बेअरिंगची असते. शंका राहिली तर इंजिन आयडलवर ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुलीची रेषा बघा. हे करताना सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा विजेचा पंखा कधीही फिरू लागतो, हेही ध्यानात असू द्या.

आता टेन्शनर. इंजिन चालू असताना त्याचा हात किंचित थरथरला तर ठीक. ठळकपणे मागे-पुढे उडत असेल तर त्याचा डॅम्पर (थरथर शोषणारा भाग) किंवा स्प्रिंग गेली. (अल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने फिरणारा क्लच असेल आणि तो अडकला असेल, तरीही हात असाच उडतो.) बऱ्याच टेन्शनरवर खूण असते. ती मर्यादेच्या बाहेर असेल तर एक तर बेल्ट लांब पडलाय किंवा चुकीच्या मापाचा बसवलाय. बेल्टवरचा नंबर वाचा: ६पीके१७५० म्हणजे ६ धारा (बेल्टच्या आतल्या बाजूच्या लांब उभ्या रेघा) आणि १७५० मिमी लांबी. ‘बसला ना, मग चालेल’ म्हणून थोडा लांब बेल्ट टाकला की टेन्शनर टोकाला टेकतो आणि ताण द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही.

भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, हा हिशेब जुन्या रबराचा. हल्लीच्या ईपीडीएम रबराला भेगा फारशा पडत नाहीत, ते टायरसारखं झिजतं. धारांमधली दरी रुंद होते, पुलीची धार बेल्टच्या तळाला टेकते आणि बाजूंची पकड सुटते. बेल्टवर तेल किंवा कुलंट दिसलं तर आधी गळती बंद करा, पुल्या पुसून कोरड्या करा आणि मगच नवा बेल्ट घाला. आवाज बंद करणारा स्प्रे मारू नका; तो धूळ धरतो आणि खरा दोष झाकतो.

बदलताना इंजिन थंड, चावी काढलेली आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलेलं हवं. अल्टरनेटरच्या जाड वायरीत सतत करंट असतो, पाना तिथे टेकला तर ठिणगी उडते. बेल्ट कुठून कसा फिरलाय याचा फोटो काढा. टेन्शनरच्या बोल्टला किंवा चौकोनी भोकात लांब दांड्याचा पाना लावून टेन्शनरचा हात हळूच फिरवा, बेल्ट वरच्या सोप्या पुलीवरून उतरवा आणि टेन्शनरचा हात सावकाश परत सोडा. स्प्रिंग जोरदार असते, बोटं सांभाळा.

बेल्ट उतरलेला असताना प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा, ही संधी दवडू नका. खरखर, डुगडुग किंवा अडकणं जाणवलं तर ते बेअरिंग आत्ताच बदला. वॉटर पंपाची पुली डुगडुगत असेल तर पंपच बदला.

नवा बेल्ट जुन्याशेजारी धरून धारा मोजा; लांबीत जुना किंचित जास्त भरेल. सगळ्या पुल्यांवरून घेऊन शेवटी खाच नसलेल्या गुळगुळीत पुलीवर चढवा. मग बोटाने प्रत्येक पुलीची कड चाचपा. एक धार बाहेर राहिली तरी बेल्ट काही वेळात चिरत जातो. गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला पाना लावा, इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन फेरे फिरवा आणि कडा पुन्हा बघा. मगच टर्मिनल जोडून गाडी सुरू करा.

काही गाड्यांत टेन्शनरच नसतो. ताणून बसवायचा लवचिक बेल्ट असेल तर तो खास साधनानेच चढतो आणि एकदा उतरवला की परत वापरत नाहीत. अल्टरनेटर सरकवून ताण देण्याची रचना असेल तर सर्वांत लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने जोरात दाबा. साधारण ८ ते १० मिमी दबला पाहिजे, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आवाज जावा म्हणून त्याहून घट्ट करू नका, अल्टरनेटर आणि पंपाची बेअरिंगं जातात. १०-१५ मिनिटं चालवून, इंजिन बंद करून थंड झालं की ताण पुन्हा मोजा. नवा बेल्ट बसताना थोडा सैल होतो.