हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्त रात्रीच का घेतात? सकाळी लॅबमध्ये दिलं तर चालणार नाही का?

काचपट्टीवरच्या तपासणीला सकाळचं रक्त चालत नाही, कारण हत्तीरोग ज्या जंतामुळे होतो त्याची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि साधारण रात्री दहा ते दोनच्या दरम्यान अंगभर रक्तात फिरतात. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच. मी लॅबमध्ये या पट्ट्या बघतो. रात्री घेतलेल्या ताज्या थेंबात पिल्लं वळवळताना दिसतात, लालपेशींना ढकलत जातात. त्याच माणसाच्या दुपारच्या थेंबात बहुतेक वेळा एकही सापडत नाही. म्हणून गडचिरोली-चंद्रपूरकडे आरोग्य कर्मचारी रात्री दारात आले तर कृपा करून त्यांना परत पाठवू नका, बोट पुढे करा. अँटिजेनची, म्हणजे रक्तात जंताचे अंश शोधणारी, पट्टी-चाचणी मात्र दिवसाही करता येते.

एक लक्षात ठेवा: पाय बरीच वर्षं सुजलेला असेल तर रात्रीचा रिपोर्टही निगेटिव्ह येऊ शकतो. तेवढ्यावरून हत्तीरोग नाही असं धरू नका, डॉक्टरांना पाय दाखवा. डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाच्या गोळ्या पिल्लं मारतात, पण जुनी सूज त्यांनी उतरत नाही. तिथे रोज साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं जास्त उपयोगी पडतं.