तपासण्यांचा पैसा एकदम नव्हे, क्रमाने उभा करा

जळगावच्या एका वाचकाने लिहिले आहे की, त्यांची सहा वर्षांची मुलगी गेल्या काही महिन्यांत दोनदा पहाटे घामाघूम झालेली आणि हाकेला नीट ओ न देणारी अशी आढळली. ग्लुकोमीटरवर साखर एकदा ४८ आणि एकदा ४४, म्हणजे बरीच कमी आली. वर्षभरात उंचीही फारशी वाढलेली नाही. बालरोगतज्ज्ञांनी हार्मोनतज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले आहे. एका नातेवाइकांच्या मते मोठ्या खासगी रुग्णालयात दाखल करून जनुकीय चाचणीसह सगळे एकदाच करून घ्यावे; खर्च अंदाजे अडीच लाख. त्यासाठी नऊ वर्षे जुन्या पीपीएफमधून पैसे काढावेत आणि पत्नीचे दागिने गहाण ठेवावेत, की विमा प्रतिनिधी म्हणतात त्याप्रमाणे आधी नवी पॉलिसी घेऊन काही काळ गप्प राहावे, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे साडेतीन लाखांची मुदत ठेव, कंपनीचा सामूहिक विमा आणि चालू मासिक एसआयपी आहे.

माझे मत असे की एक दिवसही थांबू नये, आणि अडीच लाख आज उभेही करू नयेत. निदान हे डॉक्टरांचे काम आहे. पण पैसा कोणत्या क्रमाने खर्च व्हावा, हे इथे निदानाच्या वाटेवरच अवलंबून आहे. अशा तक्रारीत सर्वांत मोलाचा असतो तो साखर खाली गेलेली असताना, ग्लुकोज देण्यापूर्वी घेतलेला रक्ताचा नमुना: त्यात त्या क्षणीचे इन्शुलिन, कॉर्टिसॉल (साखर टिकवून धरणारे एक हार्मोन), ग्रोथ हार्मोन आणि कीटोन्स (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) पाहिले जातात. साखर पूर्ववत झाली की ही संधी हातची जाते. म्हणून पहिल्याच भेटीत तज्ज्ञांकडून या तपासण्यांची यादी लेटरहेडवर लिहून घ्यावी, आपल्या जळगावच्या डॉक्टरांना आधीच दाखवून ठेवावी आणि फाइलमध्ये सर्वांत वर लावावी, म्हणजे रात्री-अपरात्री दाखल करावे लागले तरी तिथल्या डॉक्टरांना काय घ्यायचे ते कळेल. नमुन्यासाठी मुलीला घरी उपाशी ठेवणे किंवा साखर देण्यास उशीर करणे मात्र कदापि नको.

जनुकीय चाचणी लागेलही, परंतु कोणत्या दिशेने शोधायचे हे बहुधा या नमुन्यावरूनच ठरते. आणि निष्कर्षानुसार पुढचा खर्च कमालीचा बदलतो. या वयातला उपाशीपोटी साखर उतरण्याचा एक प्रकार मूल मोठे होईल तसा आपोआप सुटतो आणि त्यात मुख्य भर रात्रीच्या खाण्यावर व आजारपणातल्या काळजीवर असतो. कॉर्टिसॉलची कमतरता असेल तर गोळ्या स्वस्त, पण त्या वर्षानुवर्षे चुकवून चालत नाही. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने निघाली तर ती रोजची, महागडी आणि अनेक वर्षांची. खरा खर्च निदानानंतर सुरू होण्याची शक्यता असताना निदानातच दागिने अडकवून बसणे मला धोक्याचे वाटते.

मुंबईत परळला लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आहे, आणि शेजारीच महापालिकेचे केईएम, जिथे हार्मोनविकारांचा विभाग आहे आणि दुर्मीळ आजारांसाठीच्या राष्ट्रीय धोरणाखालचे केंद्रही. पहिला सल्ला तिथे घ्यावा. जाण्यायेण्याचा, राहण्याचा आणि बुडालेल्या पगाराचा खर्च मात्र हिशेबात धरावा. तो पुष्कळदा तपासणीच्या बिलापेक्षा जास्त भरतो.

आपल्या साडेतीन लाखांच्या मुदत ठेवीवर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढेच पैसे उचलण्याची सोय, मंजूर करून घ्यावा. व्याज साधारणतः ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त आणि तेही वापरलेल्या रकमेवरच लागते: समजा ६०,००० रुपये सहा महिने वापरले आणि दर ८.५ टक्के असला, तर व्याज सुमारे २,५५० रुपये, आणि ठेव मोडत नाही. पीपीएफमधून आपल्याला अंशतः रक्कम काढता येईल, पण काढलेला पैसा वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेतच परत भरता येतो. ते दुसऱ्या टप्प्यासाठी राखावे, दागिने त्याहीनंतर.

प्रतिनिधींचा सल्ला मुळीच मानू नये. मुलीला डॉक्टरांनी पुढे पाठवले आहे, हे प्रस्तावपत्रात लिहावेच लागेल. ते लपवले तर दावा नाकारला जाऊ शकतो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते, म्हणजे नेमकी गरज पडेल तेव्हा हात रिकामे. खरे सांगून पॉलिसी मिळालीच, तर आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. नवी पॉलिसी अवश्य मागावी, पण या तपासण्यांचा खर्च ती भागवेल हे गृहीत धरू नये. आपल्या कंपनीच्या सामूहिक विम्यात बहुधा आधीचे आजारही धरलेले असतात. मनुष्यबळ विभागाकडून लेखी खात्री करावी. केवळ तपासणीसाठी दाखल झाल्यास विमा सहसा पैसे देत नाही, त्यामुळे नातेवाइकांनी सुचवलेले अडीच लाख बहुतांशी आपल्याच खिशातून जातील. मात्र साखर उतरल्याने सलाइन-ग्लुकोजसाठी दाखल करावे लागले, तर तो उपचार ठरतो. तेव्हा डिस्चार्ज कार्डावर दाखल करण्याचे कारण आणि त्या वेळची साखर नोंदवली आहे ना, हे रुग्णालय सोडण्यापूर्वी वाचून घ्यावे.

मासिक एसआयपी तूर्त थांबवून ते पैसे बचत खात्यात साठू द्यावेत. निदान हाती आले की डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधांचा महिन्याचा खर्च मला कळवावा. पीपीएफला हात लावायचा की नाही, ते त्या आकड्यावरून ठरवू.