काकांची चूक काकांनाच सांग

प्रश्न : ताई, मी एका घाऊक पेढीत अकाउंट्स बघते. शेजारच्या टेबलावरचे काका माझ्या वडिलांच्या वयाचे, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मला त्यांनीच शिकवलं. हल्ली ते एका पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, बिल दुसरीच्या नावावर टाकतात. मी गुपचूप दुरुस्त करते, तरी एखादं निसटतंच. परवा वैतागून ऑफिसच्या ग्रुपवर 'सर्वांनी नोंदी तपासून टाकाव्यात' असं लिहिलं, शेवटी हात जोडलेलं चित्रही टाकलं. तेव्हापासून काका माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांना न दुखवता कसं सांगू?

उत्तर : लेकी बोले सुने लागे, दुसरं काय! तो निरोप कुणासाठी होता हे ग्रुपवरच्या सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांना कळलंय हे काकांनाही. मग शेवटी हात जोडलेलं चित्र टाकून काय उपयोग?

पण मला जास्त खटकलं ते तुझं गुपचूप दुरुस्त करणं. तुला तो आदर वाटतो. अगं, आपण चुकतोय हे त्या माणसाला कळायलाच नको का? तू रजेवर असलीस की चुकीचं बिल तसंच जीएसटीच्या रिटर्नमध्ये जाणार. १४ तारखेला टू-बी, म्हणजे खरेदीच्या बिलांची जीएसटीची यादी, आली की गिऱ्हाईक बघणार, आपलं बिल त्यात नाही, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट अडकलं. मग तो थेट शेठना फोन लावणार, आणि काकांना बोलणी बसणार ती चारचौघांत.

तेव्हा २० तारखेला थ्री-बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न, भरून झालं, जरा उसंत मिळाली, की दोन बिलं हातात घेऊन काकांकडे जा. आजूबाजूला कुणी नसताना. आधी ग्रुपचं मिटव : "काका, ते तिथे लिहायला नको होतं, तुम्हालाच सांगायला हवं होतं." मग बिलं पुढे ठेव : "ही दोन मिरजेच्या पार्टीची, जयसिंगपूरच्या पार्टीच्या जीएसटी नंबरवर गेलीत. बघता का?" एवढं बोलून गप्प बस. "हल्ली तुमचं लक्ष नसतं" हे तोंडातून निघता कामा नये. ते बिलाबद्दल नाही, माणसाबद्दल होतं. आणि "तुम्हीच तर मला शिकवलंत" हेही त्या दिवशी नको. चूक दाखवायच्या आधीचं कौतुक समोरच्याला बरोबर ओळखू येतं. ते एरवी, काम नसताना सांग. खरंच सांग मात्र.

चूक का होते तेही त्यांनाच विचार. बहुतेक वेळा दोन पार्ट्यांचं नाव एकच असतं आणि यादीतून भलतंच लेजर, म्हणजे खातं, निवडलं जातं. नावापुढे गाव जोडलं की निम्मा घोळ मिटतो. हा बदल काकांनाच करू दे, तू माउसला हात लावू नकोस.

"आता तू मला शिकवणार?" असं म्हणाले तर म्हणू देत. उलट उत्तर देऊ नकोस, बिलं टेबलावर ठेवून ये. दोन-तीन महिन्यांनीही तेच चाललं तर शेठना सांगावं लागेल, पण त्याआधी काकांना सांग की मी शेठशी बोलणार आहे.